सातव्या मजल्यावरचा किटो

ऑफिसात ठेवलेलं झाड जगत नाही, हे आधीच सांगून टाकते. कितीही पाणी घाला, नाहीतर त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोला. दिवसभर एसी, डोक्यावर दिवे, खिडकी उघडायची सोय नाही. महिनाभर कसंबसं तग धरतं, मग खालून पिवळं पडायला लागतं. आणि साहेबलोकांना पिवळं पान बघवत नाही. म्हणून आम्ही झाड बदलतो. सकाळी नऊच्या आत, कुणाला पत्ता लागू न देता. पत्ता लागला तर आमचं काम चुकलं.

मी सुलक्षणा. अंधेरीला एमआयडीसीतल्या चार ऑफिसांची झाडं माझ्याकडे आहेत. राहायला दिंडोशीला, आणि ऑफिसांना झाडं भाड्याने देणाऱ्या आमच्या देवदत्तशेठची शेडही तिथेच, आरेच्या अंगाला. हिरव्या जाळीखाली हजार-दीड हजार कुंड्या. ऑफिसात मलूल झालेलं झाड टेम्पोतून तिथे आणायचं, महिनाभर सावलीत ठेवायचं, ताजं झालं की पुन्हा कुठल्यातरी ऑफिसात पाठवायचं. आम्ही बायका त्या शेडला माहेर म्हणतो. "आज सातव्या मजल्यावरच्या चौघी माहेरी आल्या गो," असं. चार दिवसांत त्यांच्या अंगावर तकाकी येते. मी स्वतः कणकवलीला शेवटची कधी गेले ते आठवायला लागतं. आई गेली, आणि वहिनी काही बोलवत नाही.

त्या सातव्या मजल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रत्येक कुंडीत एक चिठ्ठी खोचायची. झाडाचं नाव आणि ते मूळचं कुठलं. मी फोटो काढून आणला आणि माझ्या लेकीनं, श्रुतिकानं, वाचून दाखवला.

"आई, तुझी अर्धी झाडं इक्वाडोरची आहेत गं."

"ते कुठे आलं?"

तिनं मोबाइलवर दाखवलं. एवढे मोठे डोंगर, अर्धे ढगात. डोंगर उतरला की नुसतं जंगल. ती लाल चकचकीत फुलांची अँथुरियम तिथे झाडांच्या फांद्यांवर वाढते म्हणे, ओल्या शेवाळात. फिलोडेंड्रॉन दुसऱ्याच्या खांद्यावर चढून उजेड गाठतो. आणि फिटोनिया, ती वीतभर उंचीची, पांढऱ्या शिरांची, ती सगळ्यांच्या पायाशी, काळोखात, कायम भिजलेली. तिला तहान सोसत नाही. एक दिवस पाणी चुकलं की सगळी पानं टाकून आडवी पडते, बघणाऱ्याला वाटावं गेली. पाणी घातलं की तासाभरात उठून उभी. आमच्यात तिला नाटकी म्हणतात. फोटो बघून मात्र मला तिची दया आली. कुठून कुठे आणलंय मेलीला!

"झाडांना महिनाभर सुट्टी," श्रुतिका म्हणाली. "आणि तुला?"

"मला कोण भाड्याने देतंय," म्हटलं, आणि भाकरी थापायला बसले.

आता दिपाली मॅडम. सातव्या मजल्यावर कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. वय असेल चाळीसच्या आसपास. सगळ्यांच्या आधी, पावणेनऊला येतात, म्हणजे माझ्याच वेळेला. चार वर्षांपूर्वी मी त्यांच्या टेबलावर एक फिटोनिया ठेवली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. नंतर कळलं, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला त्या आणि नवरा, निमेशसाहेब, इक्वाडोरला जाणार होते, तिकिटंसुद्धा काढली होती, आणि मधेच नवऱ्यानं वेगळं व्हायचं काढलं. "मी तर गेले नाही," त्या झाडाला म्हणाल्या, "तूच आलास." तिथल्या कुठल्या शहरावरून त्याचं नाव ठेवलं, किटो. आम्ही म्हणतो ती, त्या म्हणायच्या तो. असू दे.

पहिल्याच महिन्यात ड्रॉवर लावताना एक पान चिमटलं आणि टोकाला त्रिकोणी तुकडा गेला. बाईंनी झाडाची माफी मागितली, मी ऐकलं. रोज बोलायच्या. मी मागे खिडकीशी अँथुरियमची पानं ओल्या फडक्यानं पुसत असायची. आमच्यासारख्या बाईसमोर लोक बिनधास्त बोलतात.

पुढच्या महिन्यात किटो पिवळा पडला. तो तर पडणारच होता. शेडमध्ये जाऊन तशाच शिरांचं, तेवढ्याच उंचीचं झाड शोधलं, आणि नखं कापायच्या कात्रीनं डावीकडचं एक पान टोकाशी तसंच त्रिकोणी कापलं, आणि त्या यायच्या आत टेबलावर ठेवलं. मॅडमना शंकासुद्धा आली नाही. एक पान चार वर्षं टिकत नाही, एवढं त्या शिकलेल्या बाईला कळू नये! पण नाही कळलं. महिन्यामागून महिने मी झाड बदलत गेले, पान कापत गेले. हे शेठला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं.

मग माझंच शरीर बोंबलायला लागलं. दोन वर्षं अंगावर काढलं, शेवटी पालिकेच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भपिशवी काढायची. सहा आठवडे आराम, वजन उचलायचं नाही.

"सहा?" देवदत्तशेठ म्हणाले. "सुलक्षणाबाई, तीन आठवडे देतो. तोवर शेडमधल्या राधाला पाठवतो. युनिफॉर्मचा हिरवा झगा तोच, काम तेच. कुणाला फरक पडणार आहे?"

वाईट मनाचा माणूस नाही तो. पण ते शेवटचं वाक्य मला लागलं. चौदा वर्षं झाली मला या कामात. फरक पडणार नाही?

राधाला मी सगळं शिकवलं. कुठल्या कुंडीत किती पाणी, बोट घालून ओल कशी बघायची, सर्व्हिस लिफ्टचा वॉचमन कसा सांभाळायचा. किटोच्या पानाचं तेवढं नाही सांगितलं. विसरले नव्हते, मुद्दाम नाही सांगितलं. मला वाटलं, कुणाच्या तरी लक्षात येऊ दे की मी नाहीये. कुणीतरी म्हणू दे, अरे, त्या आधीच्या बाई कुठे गेल्या?

ऑपरेशन झालं. घरी पडून होते. श्रुतिका कॉलेजला जायची, मी छताकडे बघत फोनची वाट बघायची. आठवड्यानं मीच राधाला फोन लावला.

"काय गं, माझी कुणी चौकशी केली?"

"नाय गो बाय. मलापण मावशीच म्हणतत सगळे."

मी फोन ठेवला आणि कूस बदलायला गेले, तर टाके ओढले. इतकी दमले होते की रागसुद्धा धड येईना.

एकोणिसाव्या दिवशी शेठचा फोन. आवाज चढलेला. "काय करून ठेवलंयत तुम्ही? ती कोपऱ्यातली मॅडम वर मेल करतेय. माझं झाड चोरलं, चार वर्षांचं झाड होतं म्हणते! चार वर्षांची फिटोनिया कुठे असते का? आता तिचे साहेब मला विचारतायत, तुम्ही झाडं बदलता का. सगळीच बदलतो म्हणून सांगू? सातवा मजला गेला तर उरलेली तीन ऑफिसंही जातील. ते झाड आणा आणि बाईला गप्प करा. नाही जमलं तर तुम्हीपण येऊ नका, सांगून ठेवतो."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता मी. श्रुतिकाच्या कॉलेजची फी माझ्या या हिरव्या झग्यावर चालते. तिला काही न सांगता संध्याकाळी रिक्षा करून शेडमध्ये गेले. चाळीस-एक फिटोनिया ओळीनं ठेवलेल्या. वाकता येईना, म्हणून बादली उलटी घालून बसले आणि एकेक कुंडी उचलून बघितली. एक सापडली. कात्री काढली, पान कापलं.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी सातव्या मजल्यावर होते. कुंडी एका हातात, दुसरा हात पोटावर. मॅडमनी मान वर केली, कुंडीकडे बघितलं, डावीकडचं पान बघितलं आणि एकदम उठल्याच.

"किटो! आलास? कुठे होतास रे?" माझ्या हातातून कुंडी घेतली, बोटानं पानं गोंजारली. डोळ्यांत खरोखर पाणी. "दमलास ना? किती दमलास."

मी उभी. चक्कर येत होती, टेबलाची कड धरली.

"थँक्स हं मावशी. त्या दुसऱ्या बाई भलतंच झाड ठेवून गेल्या होत्या. मी त्याच सकाळी ओळखलं."

"लगेच ओळखलंत?"

"मग! आपलं माणूस ओळखू येणार नाही का?"

आता इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. काम फत्ते झालं होतं. पाणी मारायचं, सलाम करायचा आणि लिफ्ट गाठायची. पण आपलं माणूस म्हणाल्या त्या, आणि माझ्या पोटात टाके होते.

"दमलेय मी, मॅडम," मी म्हटलं. "ते नाही दमलेलं. ते कालपर्यंत दिंडोशीच्या शेडमध्ये मजेत होतं. पान मी काल संध्याकाळी कापलंय. कात्रीनं."

त्यांनी कुंडी टेबलावर ठेवली.

"याच्या आधीचंही मीच कापलं होतं. आणि त्याच्या आधीचं. बेचाळीस झाली आत्तापर्यंत. तुमचं ते पहिलं दुसऱ्याच महिन्यात माहेरी गेलं, नंतर कुठल्या ऑफिसात गेलं, मेलं की जगलं, मला नाही माहीत." बोलता बोलता कळत होतं की नोकरी चालली, पण थांबवत नव्हतं.

मॅडम खुर्चीत बसल्या. कापलेल्या पानाची कड जवळून बघितली. ताजी होती, जरा तपकिरीसुद्धा झाली नव्हती.

"आई आयसीयूत होती तेव्हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तेव्हाही एक बदललं."

"आणि... कोर्टात सही केली त्या दिवशी?"

"ते जरा बरं निघालं. दीड महिना टिकलं."

त्या हसल्या की रडल्या, कळलं नाही. तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चार वर्षं बोलत कुणाशी होते?"

"ते मला नाही माहीत, मॅडम. ऐकत मात्र मी होते." मी खिडकीकडे हात केला. "तिथे. अँथुरियम पुसत. आई दहाव्या दिवशी गेल्या, आणि त्यांची कर्णफुलं नर्सनं रुमालात बांधून दिली. निमेशसाहेबांनी सही करायला तुमचंच पेन मागितलं आणि खिशात घालून घेऊन गेले. तुम्ही नवीन घर बघितलंत मुलुंडला, आणि स्वयंपाकघर एकटीला मोठं होईल म्हणून सोडलंत. ते सोडायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण मला कोण विचारतंय!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झग्याकडे नाही, हातातल्या स्प्रेच्या बाटलीकडे नाही, तोंडाकडे.

"तीन आठवडे तुम्ही नव्हतात," त्या सावकाश म्हणाल्या. "कुठे होतात?"

"ऑपरेशन झालं. पिशवी काढली."

"आणि आज तुम्ही इथे..." उठून त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी नको नको म्हणत बसले.

त्यांनी उभ्यानंच लॅपटॉप ओढला आणि टाइप करायला लागल्या. माझं इंग्लिश कुंडीतल्या चिठ्ठीपुरतं.

"शेठना कळवताय का मॅडम? मुलगी कॉलेजात आहे माझी."

"तक्रार मागे घेतेय," त्या म्हणाल्या, आणि मराठीत वाचून दाखवलं. "झाड तेच आहे. माझीच समजण्यात चूक झाली."

"पण हे खोटं आहे."

"तुम्ही बेचाळीस वेळा केलंत. मी एकदाच करतेय." नाक पुसून पुन्हा टाइप करायला लागल्या. "आणखी तीन आठवडे यांना सुट्टी द्या, आणि नंतर यांनाच पाठवा, असं लिहितेय."

मग त्यांची बोटं थांबली. माझ्याकडे वळल्या, आणि मान कानापर्यंत लाल झाली.

"नाव काय तुमचं?"

"सुलक्षणा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. हुंदक्याबरोबर टाके असे दुखले की दोन्ही हातांनी पोट धरून बसले, पण रडू काही थांबेना.