थरथऱ्याची सरळ रेघ

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. शूरांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. मला मात्र भिण्यासाठीच बनवलं. जमिनीच्या पोटात जरा कुठे खुट्ट झालं की दचकायचं आणि दचकलो ते लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यातल्या ज्या गावात मी राहिलो, तिथे मला सगळे थरथऱ्याच म्हणत. मला त्याचा राग येत नसे. खोटं थोडंच बोलत होते ते?

माझा जन्म सांगलीचा. तिथल्या एका कॉलेजात विजयमाला कांबळे ही तरुण प्राध्यापिका भौतिकशास्त्र शिकवत असे. प्रयोगशाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने मला स्वतःच्या हाताने जोडलं. विलायतेहून यंत्र मागवलं असतं तर ते येईपर्यंत तिचे केस पिकले असते. माझ्या पोटातलं जड वजन म्हणजे गुऱ्हाळातल्या चरकाचा मोडका रूळ. त्यामुळे माझ्या अंगाला कितीतरी दिवस गुळाचा वास येई. वजनाला जोडलेली एक लांब दांडी, दांडीच्या टोकाला सुई, आणि सुईपुढे चावीवर सावकाश फिरणारं एक नळकांडं. नळकांड्यावर कागद गुंडाळायचा आणि त्याला चिमणीची काजळी धरायची. जमीन हलली की सगळं हलतं, पण ते जड वजन आपलं जागच्या जागी राहू बघतं. मग सुई काजळीत ओरखडा काढते. काळ्यावर पांढरी रेघ, हीच माझी बोली.

विजयमालाचे वडील सांगलीच्या पेठेत हळदीची पोती वाहत. घर धम्म स्वीकारलेलं, आणि शिकायचं म्हणजे शिकायचंच असं तिथे ठरूनच गेलेलं. हळदीने पिवळ्या झालेल्या बापाच्या हाताला धरून ती शाळेत गेली आणि एम. एस्सी. होऊनच थांबली. छे, थांबली कुठली? तिला डॉक्टरेट हवी होती. सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपानंतर कोयनेच्या खोऱ्यात बारीक बारीक धक्के बसतच होते. धरणातलं पाणी चढतं तेव्हा हे धक्के वाढतात आणि चढायचं थांबलं की कमी होतात, असा तिचा अंदाज होता. तो खरा की खोटा, हे माझ्या रेघांवरून ठरणार होतं. तिचे मार्गदर्शक पुण्याचे. 'घरी जुळवलेल्या खेळण्यावर डॉक्टरेट मिळत नसते,' असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती मला ट्रकमध्ये घालून खोऱ्यात घेऊन आली.

शाळेमागच्या दगडी खोलीत माझा मुक्काम पडला. रोज कागद बदलायला आणि चावी द्यायला केरबा होता. पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस, मिशी अजून कडक. मला तो 'सायब' म्हणे. पहिल्यांदा गाव मला टरकून असे. हे मशीनच भूकंप बोलावतंय, असं काहीजण म्हणत. पुढे त्यांची भीड चेपली. सकाळी पाण्याला जाणाऱ्या बायका खिडकीतून विचारायच्या, "केरबा, थरथऱ्यानं काय लिवलंय?" मी आपली मान ताठ करून बसे. दुपारची एस.टी. घाटातून गुरगुरत यायची, तेव्हा माझी सुई एक बारीक कुरळी रेघ काढी. विजयमाला सांगलीहून आली की ती रेघ बघून हसे. म्हणे, "ही आपली एस.टी."

एका वर्षी पाऊस सरता सरता जमिनीची कुरकुर फार वाढली. गावाने घरं सोडली. मोकळ्या रानात पाचटाच्या खोपी उभ्या राहिल्या आणि लोक तिथे निजू लागले. भामाबाई नावाच्या म्हातारीचा नवरा सदुसष्ट सालच्या भूकंपात भिंतीखाली गेला होता. आता तिची सून नुकती बाळंत झालेली. पहाटे दव पडे आणि खोपीत बाळ खोकत राही. घरात जावं तर भिंतीची भीती, बाहेर राहावं तर थंडीची. म्हातारी रोज माझ्या खिडकीशी येऊन उभी राही. बोलत काही नसे, नुसती बघत राही.

तशात खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकरी औतं पुजतो, शिपाई हत्यारं पुजतो. केरबाने पलटणीत आयुष्यभर बंदूक पुजली होती. आता त्याचं हत्यार मीच. त्याने मला पुसलं, माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मग सुईच्या सांध्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं आणि त्यावर हळदीकुंकू वाहिलं. नारळ फोडला. "सायब, गाव तुमच्या जिवावर हाय," असं म्हणून हात जोडले. दसरा झाल्यावर माळ काढली. हळदीकुंकू कसं पुसायचं, म्हणून तेवढं राहू दिलं.

मित्रांनो, तेल आणि हळद वाळून चिकट झाली आणि माझा सांधा धरला. जमिनीतून धक्का आला. माणसांना कळणार नाही इतका बारीक, पण मला कळला. मी दचकलो, आणि सुई हललीच नाही. पुन्हा एक आला. मी सगळं बळ लावलं, पण कागदावर सरळ रेघ. तसेच बारीक धक्के, पण दिवसेंदिवस जास्त येऊ लागले होते. मला भीती वाटत होती आणि ती सांगता येत नव्हती. केरबा कागद काढी आणि रेघ बघून खूश होई. म्हणे, "सायब पावलं."

चारआठ दिवसांनी विजयमाला आली. सरळ रेघांचे कागद तिने उजेडात धरले आणि तिचा चेहरा फुलला. पाणी चढायचं थांबलं होतं आणि धक्केही थांबले होते. ती म्हणत होती तसंच. पुण्याच्या सरांपुढे टाकायला याहून चांगलं काय हवं होतं? तेवढ्यात भामाबाई खिडकीशी आली. या खेपेला बोलली.

"बाई, लेकराला आत निऊ का गं? तू सांग, बाकी कुनाचं मी ऐकत न्हाई."

विजयमालाने पुन्हा एकदा कागद बघितले. "न्या आजी, न्या. बरेच दिवस शांत आहे. सगळ्यांनाच सांगा."

मी आतल्या आत ओरडत होतो. खिडकीतून मला दिसत होतं, रानातून वाकळा घरात चालल्या होत्या. सून बाळाला छातीशी धरून चालली होती. म्हातारीने मागच्या भिंतीला लागून पाळणा बांधला, असं कुणीतरी येऊन सांगितलं. मला दुसरं काही सुचेना. मी नुसता ती भिंत डोळ्यापुढे आणत राहिलो.

दुपारी विजयमाला माझ्याजवळ बसून कागदांवर लाखेचं पाणी फिरवत होती, काजळी पक्की व्हावी म्हणून. एस.टी. आली. खिडकीची तावदानं थडथडली. तिचा हात थांबला. ती माझ्या सुईकडे बघत राहिली.

"केरबामामा, या आठवड्यात एस.टी. येत होती ना?"

"व्हय की. रोज येती."

"मग ह्या कागदांवर ती कुठे आहे?"

ती उठली, माझ्या सांध्यावर वाकली आणि तिने वास घेतला. ज्या वासात ती लहानाची मोठी झाली, तो वास तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार? केरबाचं तोंड उतरलं. "बाई, देवाशपथ, म्या पूजा केली फकस्त."

रॉकेलचा बोळा घेऊन तिने माझा सांधा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. आणि सुई सुटली. मी इतके दिवस कोंडून ठेवलेली भीती कागदावर ओतली. जमिनीतून धक्के येतच होते, ओरखड्यावर ओरखडा. ती चपला न घालताच धावली.

केरबा मागून धावत म्हणत होता, "बाई, सकाळी आत जा म्हनला आन आता भाईर या म्हनताय. लोक हासतील. पुन्याच्या सायबाला कळलं तर तुमची डाक्टरकी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

पुढचं मला केरबाने नंतर सांगितलं. ती घराघरांत गेली. माझं चुकलं, यंत्र बंद होतं, बाहेर या, असं प्रत्येक दारात म्हणाली. कुणी हसलं, कुणी चिडलं. भामाबाई तर दार अडवूनच उभी राहिली. "आत्ता कुठं लेकरू निजलंय. तुझं नक्की काय गं बाई?"

"आजी, मी चुकले. सकाळी मी न तपासता बोलले. पाया पडते तुमच्या, बाळाला बाहेर घ्या."

म्हातारी आत वळली आणि पाळण्यासकट बाळाला उचललं.

दिवेलागणीला जमीन हलली. खाली कुणीतरी जातं ओढावं तसा आवाज आला. माझी सुई कागद सोडून बाहेर गेली. रानात बायका रडत होत्या, पण सगळी माणसं रानातच होती. भामाबाईच्या घराची मागची भिंत आत कोसळली. पाळणा जिथे बांधला होता तिथे दगडमातीचा ढीग पडला होता.

पुढे पुण्याचे सर म्हणाले, ते सरळ रेघांचे दिवस प्रबंधात ठेव, तुझ्या अंदाजाला जुळतात, कोण बघायला येतंय? विजयमालाने ते कागद गाळले. तिथे रिकामी जागा सोडली आणि खाली 'यंत्र मूक होते' एवढंच लिहिलं. आणखी दोन पावसाळे ती खोऱ्यात येत राहिली, तेव्हा कुठे अंदाजाला आधार मिळाला, तोही एका दुरुस्तीसह: पाणी चढायचं थांबलं की धक्के लगेच नव्हे, काही आठवड्यांनी कमी होतात. डॉक्टरेट उशिरा मिळाली, पण मिळाली. परदेशातल्या एका नियतकालिकात माझ्या रेघेचं चित्र छापून आलं. केरबाने ते पान गावभर फिरवलं. पुढच्या खंडेनवमीला मात्र त्याने आधी विचारलं, "बाई, हळदकुंकू कुठं वाहू?" तिने माझ्या लाकडी पेटीचं झाकण दाखवलं. तिथे ते डाग अजून आहेत.

आता विजेवर चालणारी यंत्रं आली. मी सांगलीच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या कपाटावर बसून असतो. सांधा गंजला आहे. डॉ. कांबळे आल्या की माझ्यावरून हात फिरवतात, पण आता त्यांना कामं फार.

मुलांनो, तुमच्या घरातलं, वर्गातलं कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर ते सुखात आहे असं धरून चालू नका. जवळ जाऊन बघा, त्याचा सांधा कुठे धरला आहे का ते. प्रेमाने काही लावायचं असेल तर आधी त्याला विचारा. आणि कधी या खोलीत आलात, खालून एखादा ट्रक गेला, तावदानं थडथडली आणि माझी सुई हलली नाही, तर मला काही कळलं नाही असं समजू नका. मी तेव्हाही दचकलेलाच असतो.