सांबाराच्या वाफ्यातली मेथी

"सांबारात मेथी कोनं पेरली वं?" धुरपता वाफ्यातूनच ओरडली. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, नाजूक रोपांमधून मेथीची जाड पानं वर आली होती. त्या वाफ्याला तिच्याशिवाय कोणाचा हात लागत नव्हता.

बांधावर तिची आई अनुसयाबाई बसली होती. पोटच्या पोरीला ओळखत नव्हती. "बाई, मी घरी जातो. मायी माय वाट पाहून राह्यली," हेच दिवसभर.

अनुसयाबाईचंही असंच सुरू झालं होतं. पेरलेला वाफा पुन्हा पेरायची. तिच्या आधी तिच्या आईचं तेच. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. रोहणा गावी मधुकररावानं, अनुसयाबाईच्या सख्ख्या लेकानं, वावर नावावर करून घेतलं आणि आईला दाव्यानं खाटेला बांधलं. दुसऱ्याची गाय बांधली तर भांडायला धावणारं गाव, म्हातारीच्या घोट्यांना वळ पडले तेव्हा ओसरीवर तंबाखू मळत बसलं. शेवटी धुरपतानंच तिला आंजीला, आपल्या घरी आणलं.

"मलेबी होईन काय हे?" तिनं दवाखान्यात विचारलं होतं.

"आई, आजी दोघींना, म्हणजे धोका जास्त," डॉक्टर म्हणाले. "पण होईलच असं नाही."

एवढ्याशा वाक्यावर ती वर्षभर तगली होती.

हाक ऐकून हर्षा धावत आली. वाफा पाहिला, आईचं तोंड पाहिलं.

"म्याच पेरली, आई. जागा रिकामी दिसली."

हर्षा होस्टेलवरून कालच आली होती. मेथी पेरून आठवडा तरी झाला असावा. भाजीवालीची पोर, पण खोटं बोलताना पिकाचा हिशोब चुकली.

"हर्षे, मले बांधू नोको."

"काऊन असं बोलतं वं?"

"विहिरीत लोट. पन बांधू नोको."

हर्षा वाफ्यात बसून मेथी उपटू लागली. धुरपताही बसली.

बांधावर टाकलेली रोपं अनुसयाबाईनं गोळा केली. मुळांची माती झटकली, पदराचा दोरा ओढला आणि जुडी बांधली. सुबक, घट्ट, बाजारात असते तशी. मग वळ पडलेल्या पायांनी उठून ती धुरपतापुढं आली.

"ठेव बाई. मायी पोरगी येईन घ्याले. धुरपता नाव हाय तिचं."

धुरपतानं हात पुसले आणि जुडी घेतली.