क्रीट कापलेला ग्रीस

परातीतली कणीक बघून रवींद्रला हसूच फुटलं. "हा शाळेचा प्रोजेक्ट आहे की पुरणपोळी?"

सहावीतल्या इशिताला सोमवारी प्राचीन ग्रीसचा, डोंगरदऱ्या दाखवणारा उठावाचा नकाशा न्यायचा होता, आणि तिथली जमीन अशी, म्हणून माणसं तशी कशी झाली, हे वर्गापुढे सांगायचं होतं. शैलजाने मीठ घालून कणीक मळली होती. अकोल्याला आठ वर्षं तिने हाच इतिहास शिकवला. अमेरिकेत, नोव्हायला आल्यावर मात्र व्हिसाने तिला घरी बसवलं आणि नवऱ्याने अडाण्यांत.

"अहो, करू द्या ना तिची तिला."

"आणि बी ग्रेड आणू दे?" गाड्यांची दारं डिझाइन करणारे साहेब गॅरेजमध्ये गेले. दुपारभर घासघूस चालली. चार वाजता फोमचा ग्रीस टेबलावर आला. समुद्र आरशासारखा, आणि डोंगर असे तासलेले, की वाऱ्यालासुद्धा अडायची सोय नाही.

शैलजाने नकाशाच्या खालच्या कडेला पाहिलं. "क्रीट कुठाय?"

"बोर्ड दोन फुटी. मावेना, उडवलं. एका बेटाने काय बिघडतं?"

काय बिघडतं! ज्या बेटावरच्या राजवाड्यांची राखण समुद्रच करी, जिथल्या लोकांकडून मुख्य भूमीवरच्या मायसीनीच्या गडावरचे लढवय्ये लिहायला शिकले, ते या शहाण्याने कटरने कापून कचऱ्यात टाकलं होतं. शैलजाला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. तिने नेहमीसारखा ओठाचा एक कोपरा तेवढा मुडपला.

इशिताने फोमवरून बोट फिरवलं. "बाबा, इट्स सो फ्लॅट. मग ते सगळे एकच कंट्री का नाही झाले? दे कुड जस्ट वॉक अक्रॉस."

"फिनिश बघ गं, फिनिश! बाकी ट्रेड वगैरे सांग काहीतरी."

शैलजाने लेकीचे हात कणकेवर ठेवले. "दाब. डोंगरामागं डोंगर, डोंगराच्या कुशीत गाव. गावाला गाव दिसेना, दिसे तो समुद्र. रान खडकाळ, धान्य थोडं, जैतून तेवढं पिके. मग बाई, होड्या काढल्या, आणि ज्याचं त्याचं गाव हेच ज्याचं त्याचं राज्य झालं."

इशिताच्या बोटांखाली डोंगर चढत गेले. उरलेल्या गोळ्याचं तिने लांबुडकं क्रीट वळलं.

"हे भुरकट काहीतरी शाळेत नेणार? हसतील लोक," रवींद्र म्हणाला. "माझाच जाईल. फायनल."

"तुझा तू ऑफिसला ने ना, बाबा," इशिता स्वच्छ मराठीत म्हणाली आणि तिने ओठाचा एक कोपरा मुडपला.

रवींद्र लालबुंद होऊन बाहेर गेला. शैलजाच्या काळजात मात्र लख्ख झालं. तो मुडपलेला ओठ पोरीने कुठून उचलला, हे तिला विचारावं लागलं नाही. दटावायला हवं होतं. बापाशी असं बोलतात का, एवढं तरी.

तिने ओव्हन लावला, आणि ओला ग्रीस दोन्ही हातांनी अलगद आत सरकवला.