एकाच बाईचा अभ्यास

विभागप्रमुखांनी कंगव्याचं चित्र उचलून समोरच्या पेशंट बाईच्या, तोफेच्या, डोळ्यांसमोर धरलं.

"हे काय आहे?"

तोफेनं चित्राकडे पाहिलं, मग विभागप्रमुखांच्या टकलाकडे पाहिलं आणि मान वळवून ती खिडकीबाहेर बघत बसली.

"कप झाला, घड्याळ झालं, आता हेही गेलं," चित्र उपडं ठेवत ते तिच्या नवऱ्याकडे वळले. "घरी तरी काही बोलतात का या?"

"बोलते की. म्हणजे... तिच्या मनावर आहे."

"मनावर," असं पुटपुटत शेजारचे सांख्यिकीचे प्राध्यापक गालात हसले.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वाचोपचारतज्ज्ञ बाईनं ओढणीला हाताचे तळवे पुसले. आज तिच्या प्रबंधाची परीक्षा होती आणि तिचा सगळा प्रबंध समोरच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसला होता.

तोफ हे नाव घाऊक भाजीबाजारानं ठेवलेलं. ती लिलाव पुकारायची. तिनं भाव पुकारला की पार पलीकडच्या गाळ्यातले हमाल पाठीवरच्या पोत्यासकट थबकायचे. एका सकाळी पुकारता पुकारता तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. या रुग्णालयात, याच वाचोपचार बाईच्या खोलीत, तिच्यावर वर्षभर उपचार झाले. वर्षाअखेर कागदावर शेरा पडला, 'सुधारणा नाही'. असा शेरा पडला की पुढे त्या माणसाला उपचाराची पाळी मिळत नसे. वठलेल्या झाडाला पाणी घालून काय उपयोग, असं विभागप्रमुख म्हणत. वाईटपणानं नाही, रांगेतल्या पुढच्या माणसाकडे बघून म्हणत.

वाचोपचार बाईला मात्र तो शेरा पचला नाही. सुट्टीच्या दिवशी ती तोफेला घेऊन बाजारात जाऊ लागली. नुसती शेजारी बसायची. कित्येक फेऱ्या वाया गेल्या. मग एकदा फ्लॉवरचा क्रेट समोरून जात असताना तोफ खणखणीत आवाजात म्हणाली, "सडकं!" अख्खा गाळा वळून बघायला लागला. त्यानंतर भाव आले, शिव्या आल्या, माणसांना हाका आल्या. बाईनं मंजूर झालेली प्रश्नावली गुंडाळून ठेवली आणि या एकाच बाईची केस स्टडी करायची ठरवली. तिचा निष्कर्ष साधा होता. शब्द जिथं राबले तिथंच परत येतात, बंद खोलीत येत नाहीत.

"एक पेशंट म्हणजे अभ्यास नव्हे, मॅडम, किस्सा झाला," विभागप्रमुख तेव्हा म्हणाले होते. "शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात करायची."

"मला भाताबद्दल काही म्हणायचंच नाही, सर. मला हे एक शीतच नीट बघायचंय."

तेव्हापासून विभागात तिला 'आडमुठी' म्हणत. पदवीआधीच किताब मिळाला, असं म्हणून तीही हसायची.

आज केस समोर आणून दाखवा, असा विभागप्रमुखांचा आग्रह होता. दाखवून झालं होतं.

"एका माणसावरून टक्केवारी काढायची कशी?" प्राध्यापकांनी विचारलं.

"काढायचीच नाही."

"मग हाती काय लागणार?"

"वर्षानंतर सुधारणा होतच नाही, असं आपण म्हणतो. 'होतच नाही' हे खोटं पाडायला एक माणूस पुरतो."

"पुरला असता," विभागप्रमुख म्हणाले, "तोंड उघडलं असतं तर."

"मग बाजारात चला. तिथं ऐकाल."

"भाजी आणायला बसलोय का आम्ही इथं?"

प्राध्यापक हसले. बाईची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही.

"नका येऊ. पण तसं लिहा. बाजारात येऊन ऐकायला समितीनं नकार दिला, असं लिहा. त्याखाली मी सही करते."

बाहेरून आलेल्या वयस्क परीक्षक बाई इतका वेळ प्रबंधाची पानं उलटत होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आधी चहा घेऊ," त्या म्हणाल्या. "मग ठरवू."

तोफेला डाव्या हाताला धरून बाई जिना उतरू लागली. पहिल्या वळणावर नवऱ्याचा बांध फुटला.

"काय गं हे! सकाळी 'कंगवा कुठंय' म्हणून माझ्यावर खेकसलीस आणि इथं मूग गिळून बसलीस!"

बाई पायरीवरच थांबली. "काय म्हणालात, काका?"

"अहो, कंगवा म्हणाली. घड्याळ तर केव्हाचं म्हणते."

"घरी? बाजारात नाही?"

"घरात म्हणते, दारात म्हणते. परवा शेजारणीशी भांडली, तिलाच रडवलंन."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही बाजाराचंच विचारायचात," काका ओशाळून म्हणाले.

बाईनं कठडा धरला. म्हणजे शब्द बाजारातच येतात, हे सगळं प्रकरणच मोडीत निघालं. तिनं तोफेकडे पाहिलं. तोफ पायरीकडे बघत होती.

"मावशी, मग वर का नाही बोललात?"

तोफेचे शब्द एकेक करून उतरायचे, जड पोती उतरावीत तसे.

"कप. कंगवा. हे... बाळाला विचारतात." तिनं हनुवटीनं नवऱ्याकडे खूण केली. "बाकी... ह्यांना विचारलं. मला नाही. मग... मुद्दाम."

आणखी एक प्रश्न होता. तो विचारू नये असं तिला वाटत होतं, आणि तो विचारल्याशिवाय तिला तिथून हलताही येणार नव्हतं.

"आणि पहिल्या वर्षी? माझ्या खोलीत?"

तोफेनं आपला धड हात उचलून बाईच्या गालावर ठेवला.

"आधी नव्हते. शब्द. मग... होते. थोडे." ती थांबली, दम घेतला. "तू भाव... दिला नाहीस. मी माल... दिला नाही."

काकांना हसू फुटलं. बाईचा चेहरा बघून त्यांनी ते तसंच गिळलं.

ती पायरीवर बसली. दोन वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर घेऊन वर गेले, तरी ती उठली नाही. तोफ कठड्याला टेकून उभी राहिली, घाई नसल्यासारखी.

शेवटी बाईनं विचारलं, "वर जाऊन हे सांगू?"

"सांग."

"तुम्ही येता?"

"नाही. त्यांना... उतरू दे."

वर चहा निम्म्यावर आला होता. "आता काय राहिलं?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"माझा निष्कर्ष चुकलाय, सर. तो मागे घ्यायला आलेय."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा, बसा. देर आए दुरुस्त आए. आता ती प्रश्नावली बाहेर काढा, पन्नास जण घ्या..."

"प्रश्नावली नाही. याच बाई. आणखी एक वर्ष हवंय." तिनं उभ्याउभ्याच जिन्यावरचं सगळं सांगितलं. भाव आणि माल, तेही गाळलं नाही.

परीक्षक बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या कागदांवर आजवर ज्यांच्या नावापुढे 'सुधारणा नाही' असं लिहिलंय, ते सगळे..."

वाक्य तिथंच राहिलं.

"हे अति होतंय!" विभागप्रमुख उसळले. "एका बाईच्या हट्टावरून तुम्ही आमच्या इतक्या वर्षांच्या सगळ्या पेशंटांबद्दल..."

"मी सगळ्यांबद्दल काहीच म्हटलं नाही, सर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय."

परीक्षक बाईंनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि पर्स खांद्याला लावली.

"त्या अजून खाली आहेत ना?"

"आहेत," ती म्हणाली आणि तिनं दार उघडून धरलं. "पण बोलतील की नाही, ते त्यांच्यावर आहे."