कोकिनीच्या खाडीतले उभे शिंपले

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे, पण माझ्यात आजवर कुणी पाणी भरलेलं नाही. माझ्या बुडाला पत्र्याऐवजी काच आहे. मला पाण्यावर टेकवायचं आणि माझ्यात तोंड घालायचं, की लाटांची चमक नाहीशी होते आणि समुद्राचा तळ सारवलेल्या अंगणासारखा स्पष्ट दिसतो. ग्रीसच्या पूर्वेकडच्या आमच्या बेटावर एके काळी प्रत्येक कोळ्याच्या घरी माझ्यासारखी एक असे. आता बहुतेकींमध्ये तुळस लावलेली दिसते.

बंदरामागच्या गल्लीत पारीस नावाचा कारागीर पत्र्याची कामं करी. त्याने मला डाख लावून जोडलं, काचेच्या कडेने लांबी भरली आणि आत हात घालून तीनदा दाबून पाहिलं. मला घडवून घेतलं होतं ते नोमिकीच्या वडिलांनी, तिच्या लग्नासाठी. आमच्याकडे घर मुलीला मिळतं. म्हातारा जावयाला म्हणाला, "घर दिलं, होडी दिली. आता डोळेपण देतो. पण ते पोरीच्या हाती. तू आपला वल्ही मार."

जावयाचं नाव साकेलारी. तो उंच होता आणि खांद्याने बळकट होता, पण एका जागी पाण्यात बघत बसण्याचा त्याला धीर नव्हता. त्याने वल्ही मारावीत आणि नोमिकीने नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पालथं पडून माझ्यात तोंड घालावं, हेच त्यांच्या संसाराचं रूप झालं. "जरा डावीकडे. हळू रे, बैल! थांब. आता मागे." तिच्या गालावर माझ्या काठाचा गोल वळ उठे. बाजारात बायका त्यावरून चिडवत, "नोमिकी, आज नवऱ्याने की बादलीने?"

आमची नेहमीची जागा म्हणजे कोकिनीची खाडी. तिथल्या समुद्री गवतात मोठाले शिंपले उभे असत. हातभर उंच, निमुळतं टोक वाळूत रुतलेलं आणि रुंद तोंड वर, किंचित उघडं. शेकडो होते. त्यांच्या पाठीवर स्पंज वाढत, लहान कालवं चिकटत, माशांची पिल्लं मागे लपत. एकेक शिंपला म्हणजे एक वाडीच होती. तो दिवसभर पाणी आत घेई, त्यातलं अन्न गाळून घेई आणि निवळ पाणी बाहेर सोडी. त्या शेकडोंनी मिळून खाडीचं पाणी इतकं स्वच्छ ठेवलं होतं, की पंधरा हात खोलीवरचा खडा मला दिसे.

आणि प्रत्येक शिंपल्याच्या आत दोन कोळंब्या राहत. पारदर्शक, बोटाच्या पेराएवढ्या. नर आणि मादी. शिंपला आत ओढी त्यातलंच त्या खात, त्याच्याच भिंतींमध्ये जन्म काढत. ऑक्टोपस जवळ आला, की त्या शिंपल्याला आतून चिमटा काढतात आणि तो दार लावून घेतो, असं आमचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

"बघ, शिंपल्याला डोळे नाहीत, म्हणून त्याने राखणदार ठेवलेत," नोमिकी म्हणायची.

"मीपण एक ठेवलीय," साकेलारी म्हणायचा. "पण माझी नुसतीच चिमटे काढते."

मित्रांनो, हसत्या दिवसांबद्दल बोलायचं, तर पुढचंही बोललं पाहिजे. पाहुणे यायला लागले, दुकानं उघडली आणि त्या शिंपल्यांना भाव आला. त्यांचे दिवे होत, ते भिंतीवर टांगले जात. साकेलारी बुडी मारी आणि गाजरासारखा एकेक उपटून आणी. काढायला बंदी आली, तरी तो जाळ्याखाली लपवून आणत राहिला. ते शोधून कोण देई? नोमिकीचे डोळे आणि माझी काच. माझी त्यात काही चूक नव्हती, असं म्हणून मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणता येत नाही.

एका सकाळी होडीच्या फळीवर पडलेला एक शिंपला आपोआप उघडला आणि आतून त्या दोन कोळंब्या बाहेर आल्या. उन्हात त्या उड्या मारीनात, पळेनात. शिंपल्याच्या काठाशीच घुटमळत राहिल्या. नोमिकीने त्यांना ओंजळीत घेऊन पाण्यात सोडलं आणि मला उचलून पालथं घातलं.

"आजपासून मी यांना शोधणार नाही."

"अगं, खाडीत एवढे पडलेत—"

"तर मग तूच तोंड घाल आणि बघ. मी नाही."

साकेलारी दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी ऑक्टोपस धरायला गेला. पुन्हा त्याने एकही शिंपला उपटला नाही. वर्षं गेली, खाडी पुन्हा भरली, जुन्या शिंपल्यांच्या मधून नवी, बोटभर उंचीची पिल्लं वर आली. मला वाटलं, झालं ते फिटलं.

मग तो उन्हाळा आला. समुद्र कोमट झाला आणि थंड व्हायचं विसरला. एके दिवशी नोमिकी माझ्यातूनच म्हणाली, "साकेलारी, हे उघडेच आहेत."

"उघडेच असतात ते."

"असे नाही रे. आ वासून आहेत. सावली पडली तरी मिटत नाहीत."

आठवड्याने निम्मे मेले होते, महिन्याने सगळे. आत मऊ काही उरलं नव्हतं. नुसती उभी टरफलं होती, दारं सताड टाकून माणसं निघून गेलेल्या गावासारखी.

शरद ऋतूत आर्गिरो नावाची एक मुलगी अथेन्सहून आली. ती समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करी. तिने सांगितलं, की हे फक्त आमच्या खाडीत झालेलं नाही, पश्चिमेकडून येत येत सगळ्या समुद्रात झालं आहे. साकेलारीने तिला घरी जेवायला बसवलं, पण स्वतः घास घेईना.

"पोरी, खरं सांग. मी तरुणपणी पुष्कळ उपटले. त्याने झालं का हे?"

"नाही, काका. रोग आहे. डोळ्याला दिसणार नाही एवढ्या बारीक जिवाचा. पाणी तापलं, की तो जोर धरतो."

"नक्की? माझ्यामुळं नाही?"

"नाही, काका. तुमच्यामुळं नाही."

तिला वाटलं, म्हाताऱ्याला दिलासा मिळेल. त्याचा चेहरा मात्र पडला. "माझ्यामुळं असतं तर बरं होतं गं," तो म्हणाला. "मी थांबलो असतो. थांबलोच होतो की. आता थांबायला सांगू कुणाला?"

 जाताना आर्गिरो नोमिकीला एवढंच म्हणाली, "मावशी, एखादा जिवंत दिसला तर मला कळवा. एखादा रोगाला पुरून उरतो कधीकधी."

त्या वर्षी आम्ही मासे धरले नाहीत म्हटलं तरी चालेल. खाडीमागून खाडी शोधली. नोमिकीची मान आखडली, डोळे लाल झाले. आणि मे महिन्यात, कोकिनीच्याच टोकाला, एका कपारीच्या सावलीत, तो दिसला. होडीची सावली त्याच्यावरून गेली आणि त्याने दार मिटलं.

"मिटला!" नोमिकी ओरडली. "मिटला रे! मिटला!" तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि ओल्या हाताने नवऱ्याच्या पाठीत धपाटे घातले. पंचाहत्तरीचा साकेलारी लहान मुलासारखा हसत होता.

आर्गिरो आली, बुडी मारून तिने त्याच्याभोवती लोखंडी जाळी उभारली. आत दोन्ही कोळंब्या होत्या. "याला जपा," ती म्हणाली. "पण खोटी आशा देत नाही. एकट्याने वंश वाढत नसतो. जवळपास दुसरा हवा."

"दुसरा शोधू," नोमिकी म्हणाली.

दुसरा सापडला नाही. साकेलारी मात्र रोज पहारा देऊ लागला. एखादी श्रीमंतांची शिडाची होडी नांगर टाकायला वळली, की तो वल्हं उगारून उभा राही. "अहो साहेब, इथं नाही! खाली आजारी माणूस आहे!" ते हसत आणि जात. संध्याकाळी तो एकच विचारी, "हलला?" आणि नोमिकी म्हणे, "हलला."

ऑगस्टच्या शेवटी सलग वीस दिवस वारा पडला. पाणी तापून तेलासारखं जड झालं. एका सकाळी होडीची सावली त्याच्यावरून गेली आणि तो मिटला नाही. नोमिकीने होडी मागे घ्यायला लावली, पुन्हा पुढे. नाही मिटला.

कोळंब्या अजून आत होत्या. मेलेल्या घरातल्या मांसाला चिकटून त्या दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी लहान मासे जाळीतून आत शिरले आणि मांस ओरबाडू लागले. एक कोळंबी नाहीशी झाली, ती कशी गेली ते दिसलं नाही. दुसरी काठावर आली. तिला लपायला एवढ्या खाडीत दुसरं घर नव्हतं. हिरव्या पट्ट्यांचा एक मासा आला आणि तिला घेऊन गेला. शिंपल्याच्या जातीबरोबर राखणदारांची जातही तिथून संपली. नोमिकी तोंड वर काढीना. माझ्या काचेवर आतून पाणी साठलं होतं, ते समुद्राचं नव्हतं.

"हलला?" साकेलारीने विचारलं.

तिने मला त्याच्या हातात दिलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने माझ्यात तोंड घातलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. होडी वाहत वाहत खडकाला लागली, तरी त्याने वर पाहिलं नाही.

नोमिकी त्यानंतर होडीत चढलेली नाही. साकेलारी एकटा जातो. थोडं वल्हवतो, मग वल्ही सोडून वाकतो, तोवर होडी भलतीकडे गेलेली असते. त्याला तिच्यासारखं बघता येत नाही. पाणीही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, गढूळ असतं. परवा त्याला वाळूत काहीतरी उभं दिसलं. त्याच्या श्वासाने माझी काच धुरकटली. त्याने पुसली, पुन्हा पाहिलं. ती प्लास्टिकची बाटली होती, अर्धी रुतलेली.

घरी आल्यावर दारातून नोमिकीने विचारलं, "काही दिसलं का?"

"वारा होता," तो म्हणाला. "पाण्यात बघताच आलं नाही."

दिवसभर पान हललं नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं. तिने त्याच्यापुढे पाव आणि मासळीची वाटी ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझं तसं काही मागणं नाही. माझी काच फुटली तर नवी बसते. तुमच्याही किनाऱ्यावर कुणाच्या तरी आत कुणीतरी राहत असेल, कुणाच्या तरी पाठीवर कुणाची पिल्लं वाढत असतील. ते भरलेलं असतं तेव्हाच जाऊन बघा, आणि बघाल तेव्हा हात मागे बांधून बघा. तळ रिकामा झाल्यावर माझी काच कितीही स्वच्छ असली, तरी तिचा कुणाला काही उपयोग नाही.