वास येतो, म्हणाला नविन

मित्रांनो, मी पत्र्याचा एक निळा डबा. माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला पोचा आला आहे. माझ्या पोटात बर्गमॉटचा काळा चहा असतो. बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचे फळ. त्याच्या सालीचे तेल चहाच्या पत्तीला लावतात. झाकण उघडले की संत्र्याच्या सालीसारखा वास दरवळतो. त्या वासाचा मला फार गर्व होता.

कोसबाडला चिकूच्या एका वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. तिथे संगिता स्वयंपाक करते. एका पाहुणीने मला आणले. पहिल्या दिवशी संगिताने दूध-आले घालून तो चहा खळखळ उकळला. पाहुणी रागावली नाही. तिने शिकवले: उकळते पाणी खाली उतरवायचे, पत्ती टाकायची, चार मिनिटे झाकून ठेवायचे. दूध नाही. जाताना तिने मला संगितालाच देऊन टाकले आणि मी तिच्या घरी आलो.

संगिताचा नवरा नविन बोईसरकडे एका कंपनीत रसायनांचे ड्रम हलवायचा. ड्रम गळू लागला की आधी नाकाला कळते. पण दिवाळीच्या सुमारास त्याला ताप आला. ताप उतरला, तरी नाकाला कसलाच वास येईना. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितले. तोवर तो घरीच बसला. मग संगिता रोज सकाळी माझा चहा करून पेला त्याच्या नाकाशी धरू लागली. तो नकाराची मान हलवायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "येतो. संत्र्यासारखा."

संगिताच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, हे माझेच कर्तृत्व. सोमवारपासून नविन कामावर जाऊ लागला.

गुरुवारी तव्यावर सुकट करपली. वासाने संगिता अंगणातून धावत आली. नविन चुलीकडे पाठ करून, हातभर अंतरावर मोबाइल बघत बसला होता. तिने तवा खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला हातही लावला नाही. बरणीतल्या साध्या पावडरीचा कोरा चहा केला. नविनने पेला हुंगला आणि संत्र्याचा छान वास येतो, असे सांगितले.

"ही साधी पावडर आहे," संगिता म्हणाली.

नविनने पेला खाली ठेवला. "तू रोज एवढ्या आशेने माझ्या तोंडाकडे बघायचीस. आणि किती दिवस घरी बसू?"

"बस. ड्रम गळला तर तुला कळणार नाही. शेजारी काम करणाऱ्यालाही तुझाच भरवसा असतो."

त्याच दिवशी नविनने सुपरवायझरला खरे सांगितले. दुसरे काम निघाले तर बोलावू, असे उत्तर मिळाले. ते बोलावणे अजून आलेले नाही. तो वाडीत चिकू उतरवायला जातो. संध्याकाळी दोघे एकमेकांवर चिडतात.

माझ्या तळाशी आता थोडीच पत्ती उरली आहे. संगिता आठवड्यातून एकदा तो चहा करते आणि काही विचारत नाही. नविनच पेला हुंगून सांगतो, "आज पण नाही."

"बरं. गरम आहे तोवर पी," ती म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याला जपले नाहीत तरी चालेल. पण आजारी माणसाच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघू नका, की त्याला तुमच्यासाठी 'बरं वाटतंय' म्हणावे लागेल.