पडदा काळा असताना

मित्रांनो, टेबलाखाली पाय ताणताना तुमच्या अंगठ्याला जो पत्र्याचा डबा लागतो ना, तो मी. जुना संगणक. वय वर्षं अकरा. तुमच्यात या वयाला कुणी म्हातारं म्हणत नाही. आमच्यात भंगारवाल्याची चौकशी सुरू होते.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. कुणी स्क्रू पिळले, कुणी खोक्यात घातलं. आयुष्य सुरू झालं ते ताईच्या खोलीत. ताई लोकांच्या खोल्या आखते. कपाट कुठे, खिडकी कुठे, दार उघडल्यावर कशाला आपटेल, सगळं माझ्यात रेखाटते. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे मी हळू झालो. ताई चित्र तयार करायला लावून बाजारात जायची, भाजी घेऊन परत यायची, तरी मी अर्ध्यातच.

मग ताईची नोकरी सुटली आणि घरी पहिलं मोठं काम आलं. लहान मुलांचा दवाखाना. काम देणारे फर्निचरवाले म्हणाले, "शनिवारी आतून फिरून बघता येईल असं दाखवा. नाही जमलं तर दुसऱ्या बाई आहेतच."

फिरतं चित्र माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला झेपणारं नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने मला वाकूनही पाहिलं नाही. "नवीनच घ्या ताई. याच्यात काय राहिलंय?"

"ते मी बघते. नव्या कार्डाला काय काय लागतं, तेवढं तू सांग."

गुरुवारी तिने माझी एक बाजू उघडली. ब्रशने धूळ काढली, स्वतः चार वेळा शिंकली. मग टेप लावली. कार्डाला जागा दोन बोटं कमी. एक रिकामा कप्पा आडवा येत होता, तो तिने स्क्रू काढून बाजूला केला. वीजपुरवठ्याचा जुना डबा अपुरा होता, तिथे दणकट बसवला. मी मनाशी ठरवलं, आता आपण मागे हटायचं नाही.

एकच काम उरलं. माझा बायोस, म्हणजे माझ्या उठण्याच्या सूचना, बदलायचा होता. सुरू होताना मी आधी तोच वाचतो, आणि जुन्या बायोसला नवं कार्ड ओळखता येत नव्हतं. तो बदलत असताना वीज गेली, तर मी पुन्हा उठणार नाही. कार्ड नाही, शनिवार नाही, ताईचं काम नाही.

दहा टक्के.

तीस टक्के. ताईचा फोन वाजला, ती बाहेर गेली. पडदा काळा झा

मित्रांनो, इथे माझ्या आठवणीत भोक आहे. पुढचं मी बाबांच्या तोंडून ऐकलं. ताईचे बाबा निवृत्त वायरमन. संध्याकाळी ते आत्याला फोनवर सांगत होते:

"अगं, डबा उघडा, पडदा काळा. म्हटलं, पोरगी येईल आणि तशीच आत हात घालेल. आधी बटण बंद करावं. बोट ठेवलं, तेवढ्यात नडगीला वारा लागला. हो, वारा. आतला पंखा फिरत होता. चाळीस वर्षं तारा ओढल्या मी, पंखा फिरतोय म्हणजे वीज खातोय, एवढं कळतं मला. म्हणजे आत काम चालू असणार. मग मी कसला हलतोय? कुणी बटण बंद करू नये म्हणून भिंतीवरच्या बोर्डाला पाठ लावून उभा राहिलो. ही आली आणि मलाच म्हणते, बाबा, असे काय पुतळ्यासारखे?"

शंभर टक्के.

मी उठलो. बायोस बदलताना मधेच पडदा काळा होतो, एवढंच झालं होतं. ताईने मला नीट बंद केलं, वायर काढली, जुनं कार्ड उपसलं आणि नवं दाबून बसवलं. बाबा म्हणाले, "आता तरी बटणाला हात लावू का?" लावा म्हणाली.

शनिवारी फर्निचरवाले आले. ताईने त्यांना माझ्यातून दवाखान्यात नेलं, दारातून आत, मुलांच्या बाकांपाशी. ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "ही खिडकी जरा खाली घ्या, पोरांना बाहेरचं दिसायला हवं. आणि सोमवारी मापं घ्यायला या."

मित्रांनो, हळू झालेल्या यंत्राला एकदम निकालात काढू नका. धूळ काढा, मापं घ्या, काय कमी आहे ते विचारा. आणि पडदा काळा दिसला, तर घाईने बटणाकडे जाऊ नका.

आता पुरे. ताईने खिडकी खाली घ्यायला लावलीय, आणि मी एका वेळी एकच काम नीट करतो.